पप्पांचा पॅन आणि जिरोंची सुशी

टोकियोच्या गिंझा भागात, मेट्रो स्टेशनला लागून असलेल्या एका इमारतीच्या तळघरात दहा खुर्च्यांचं एक हॉटेल आहे. नाव 'सुकियाबाशी जिरो', सुरू झालं १९६५ साली. तिथे स्टार्टर नाही, सूप नाही, निवडायला मेन्यू नाही. मिळते फक्त सुशी. म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताचा बोटाएवढा मुटका आणि त्यावर माशाचा एक पातळ काप. असे वीसेक मुटके एकामागून एक समोर ठेवले जातात आणि पंधरा-वीस मिनिटांत जेवण उरकतं. २०११ च्या सुमारास त्याचे निदान ३०,००० येन पडायचे.

२०११ साली डेव्हिड गेल्ब या अमेरिकन दिग्दर्शकाने या हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकावर 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' नावाची डॉक्युमेंटरी केली. तेव्हा जिरो ओनो ८५ वर्षांचे होते आणि रोज काउंटरमागे उभे राहत होते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते शंभर वर्षांचे झाले.

तुमच्यापैकी कित्येकांनी ही फिल्म पाहिली असेल. पाहिली नसेल तर तिचे तुकडे तरी रील्समध्ये पाहिले असतील. मागे पियानो, समोर चकाकणारा मासा, खाली एखादं वाक्य : कामावर प्रेम करा, रोज थोडं पुढे जा. माझ्या धाकट्या भावाने मला ती पाठवली तेव्हा खाली लिहिलं होतं, "ताई, हे बघ, पप्पाच वाटतील."

पप्पांचा आणि सुशीचा काही संबंध नाही. आमचं गाव अंकुशनगर, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, महाकाळ्याजवळ. प्रवरानगर, वारणानगर ही जशी साखर कारखान्यामुळे वसलेली नगरं, तसंच हे. अंकुशराव टोपे यांनी उभा केलेला समर्थ सहकारी साखर कारखाना, त्याची कॉलनी, शाळा, कॉलेज, टपऱ्या आणि आजूबाजूला ऊस. इथे मासा म्हणजे गोदावरीतला, तोही लालभडक कालवणात बुडवलेला. कच्चा मासा भातावर ठेवून कुणी ३०,००० येन घेतं हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "आन् शिजवायचे किती घेतात?"

पण भावाचं बरोबर होतं. पप्पा कारखान्यात पॅनमन आहेत. आणि पॅन हाऊस म्हणजे साखर कारखान्याचं स्वयंपाकघर.

हे नीट सांगायला हवं, कारण साखर 'मशीनमधून निघते' असं बहुतेकांना वाटतं. उसाचा रस काढला जातो, चुना आणि गंधकाचा वायू देऊन तो स्वच्छ केला जातो, मग आटवला जातो. शंभर भागांत साठेक भाग घन पदार्थ झाला की तो घट्ट रस पॅनमध्ये येतो. पॅन म्हणजे दोन मजले उंच, बंद, पोटात वाफेच्या नळ्या असलेलं भांडं. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे रस ६०-७० अंशांवरच उकळतो. एरवी तो शंभराच्या वर उकळला असता आणि साखर करपून तपकिरी झाली असती. या उकळत्या रसात अगदी बारीक साखरेचं बी सोडतात. प्रत्येक कणाभोवती साखर चढत जाते आणि दाणा वाढतो. काही तासांनी पॅनमध्ये दाणे आणि मळी यांचा रवाळ लगदा तयार होतो. त्याला म्हणतात मॅसेक्विट. तो खाली सोडायचा, मशीनवर गरागरा फिरवायचा, मळी जाळीतून बाहेर जाते आणि साखर आत राहते.

सगळी मेख त्या मधल्या काही तासांत आहे. रस फार घट्ट झाला तर जुन्या दाण्यांच्या मध्ये नवे बारीक दाणे आपोआप जन्माला येतात. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, पप्पा म्हणतात 'खोटा दाणा'. तो मशीनची जाळी तुंबवतो, साखर नीट धुतली जात नाही, पोतं कमी प्रतीचं निघतं. मग पाणी मारून, तापमान चढवून तो विरघळवत बसायचं. रस पातळ राहिला तर उलटं, वाढलेला दाणाच विरघळायला लागतो. या दोन चुकांच्या मधली वाट फार अरुंद आहे आणि ती दिसत नाही, कारण भांडं बंद आहे.

म्हणून पॅनला एक लांब दांडी असते, प्रूफ स्टिक. पॅनमन ती ओढून आतला थेंब बाहेर काढतो. काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो, दाण्याचा आकार बघतो. आणि मग तो थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन बोटं हळूच लांब करतो. तार किती लांब निघते, कुठे तुटते, बोटाला दाणा टोचतो की घसरतो, यावरून रस द्यायचा, पाणी द्यायचं की वाफ कमी करायची ते ठरतं.

हीच खूण मी आयुष्यभर अजून एका ठिकाणी बघत आले आहे. दिवाळीत रव्याच्या लाडवांचा पाक करताना आई कालथ्यावरचा थेंब दोन बोटांत धरून तार बघते. एकतारी झाला तर अजून दोन मिनिटं. जास्त पुढे गेला तर लाडू म्हणजे दगड. आईने हे पप्पांकडून घेतलेलं नाही आणि पप्पांनी आईकडून नाही. साखरेनेच दोघांना स्वतंत्रपणे शिकवलं आहे.

फिल्ममध्ये तांदळाचा एक व्यापारी आहे. तो हसत हसत सांगतो की एका मोठ्या हॉटेलने त्याच्याकडे जिरोंचाच तांदूळ मागितला, पण त्याने दिला नाही, कारण तो शिजवणं त्यांना जमणार नाही. जिरोंचा भात जड झाकण दाबून, मोठ्या दाबाखाली शिजतो आणि समोर येतो तो अंगाइतका कोमट. ट्यूना विकणारा फक्त ट्यूनाच बघतो, त्याच्या मते बाजारात आज सर्वांत उत्तम असा एकच मासा असतो आणि घ्यायचा तर तोच. ऑक्टोपस पूर्वी अर्धा तास चोळायचे, आता पाऊण तासाच्या आसपास चोळतात, कारण जिरोंना तो आणखी मऊ हवा आहे. गिऱ्हाईक डावखुरं आहे हे दिसलं की पुढचा मुटका त्याला सोईचा पडेल असा ठेवतात. बायकांचे मुटके किंचित लहान, म्हणजे सगळ्यांचं खाणं एका लयीत होतं.

हे सगळं बघताना मला प्रश्न पडला तो साधा आहे. इतकं लक्ष येतं कुठून?

आमच्या पिढीला याचं एकच उत्तर शिकवलं गेलंय. आवड शोध. पॅशन सापडली की काम हे काम वाटणार नाही. बारावीनंतरच्या प्रत्येक मार्गदर्शन शिबिरात मी हे ऐकलंय. गंमत म्हणजे हे सांगायला ज्या जिरोंची क्लिप वापरतात, त्यांनी सुशीची आवड कधी शोधलीच नव्हती. वडिलांचा धंदा बुडाला, घर मोडलं आणि शाळकरी वयातच ते दुसऱ्याच्या हॉटेलात कामाला लागले. परत यायला घर नाही, हे तेव्हाच त्यांना सांगण्यात आलं होतं. काम आलं ते पोटासाठी. प्रेम त्यानंतर बसलं. फिल्ममध्ये ते जे सांगतात त्याचा क्रम नीट ऐकला तर हाच आहे : आधी काम घ्यायचं, मग त्यात बुडायचं, मग त्याच्या प्रेमात पडायचं.

पप्पांचंही तसंच. दोन एकर कोरडवाहूवर तीन भाऊ जगणार नव्हते, म्हणून एक जण कारखान्यात. पॅन सेक्शनला हेल्पर लागत होता, म्हणून पॅन सेक्शन. पहिले काही हंगाम काचेच्या पट्ट्या धुणं, व्हॉल्व्ह फिरवणं, वस्तादांना चहा आणणं. वस्ताद पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा जुन्या कारखान्यातून आलेले, तोंडात कायम सुपारी. ते थेंब काढायचे, स्वतः बघायचे आणि मग काही न बोलता पप्पांच्या बोटांवर ठेवायचे. "काय म्हणतो?" एवढंच विचारायचे. पप्पा सांगायचे. वस्ताद मान हलवायचे, बहुतेक वेळा आडवी.

फिल्ममध्ये याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे. डाइसुके नाकाझावा नावाचा शिकाऊ. जिरोंकडे शिकायला आलेल्यांना आधी गरम पाण्यातले टॉवेल पिळायला लागतात, हात भाजतात. टॉवेल पिळता आल्याशिवाय माशाला हात लावायचा नाही. दहाएक वर्षांनी अंड्याची 'तामागो' करायची पाळी येते. नाकाझावाला वाटलं, ही तर येते आपल्याला. केली, नापास. परत केली, नापास. दोनशेहून जास्त वेळा नापास झाल्यावर एक दिवस जिरो म्हणाले, ही जमली. तो रडला. पुढे २०१३ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या नावाचं सुशीचं हॉटेल उघडलं.

रील्समध्ये या गोष्टीचा अर्थ 'चिकाटी' असा लावतात. मला तो अपुरा वाटतो. मी छत्रपती संभाजीनगरला एका ऑफिसात आलेले फॉर्म तपासते. दिवसाला दीडशेच्या आसपास, चार वर्षं झाली. नाकाझावाच्या दोनशे अंड्यांपुढे माझे फॉर्म लाखाच्या पुढे गेले असतील. माझा वेग वाढला, पण हात बसला असं म्हणता येत नाही. फॉर्म मला काही सांगत नाही. मी सोडलेला फॉर्म पुढे कुठे जातो, त्याचं काय होतं, तो आधीच्यापेक्षा बरा तपासला गेला का, हे मला कधीच कळत नाही.

नाकाझावाच्या प्रत्येक अंड्याला उत्तर मिळत होतं. एक तर अंडं स्वतः बोलत होतं, वरून करपलंय, मधे ओलं राहिलंय. आणि दुसरं, शेजारी एक माणूस होता ज्याने प्रत्येक वेळी ते तोंडात घातलं. दोनशे वेळा! नापास करायलाही कुणीतरी दोनशे वेळा चाखावं लागतं. पप्पांच्या बोटांवर दर वेळी नवी तार होती आणि शेजारी वस्तादांची मान होती. कसब म्हणजे नुसतं तेच तेच करणं नव्हे. तेच तेच करताना प्रत्येक वेळी उत्तर मिळणं आणि ते ऐकायला कुणीतरी सोबत असणं, हे कसब आहे. या दोन गोष्टी काढून घेतल्या की उरतं ते राबणं. म्हणून कुणी आपल्याला 'जिरोसारखं काम करा' म्हणालं तर आपण विचारायला हवं, की चाखणार कोण आहे?

मे महिन्यात, हंगाम संपल्यावर, मी ही फिल्म पप्पांना दाखवली. इंग्रजी सबटायटल मी वाचून मराठीत सांगत होते. पप्पा पलंगावर, आई खाली काठवटीत ज्वारीचं पीठ मळत. पप्पांना मासा बघून कसंतरी झालं, पण जिरो प्रत्येक गोष्ट चाखतात तिथे ते उठून बसले. "हा माणूस चव घेतल्याबिगर काही सोडंना बघ," म्हणाले. भाताच्या तापमानाचा भाग परत लावायला सांगितला.

मग तो प्रसंग आला. जिरो सांगतात की मुलं लहान होती तेव्हा ते पहाटे, मुलं झोपेत असताना निघायचे आणि रात्री ती झोपल्यावर परतायचे. एका रविवारी ते घरी झोपले होते, तर मुलाने आईला जाऊन सांगितलं की घरात कुणी अनोळखी माणूस झोपलाय.

जिरो हे हसत सांगतात. पप्पा हसले नाहीत. आमच्याकडे हंगामात पाळ्या असतात, चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. दर आठवड्याला बदलतात. पॅन रात्री झोपत नाही, त्यामुळे पप्पा दिवसा झोपायचे. दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात, संक्रांतीला, आमच्या घरातला आवाज नेहमी हळू असायचा. भोंगा झाला की कळायचं, कुणाचे वडील निघाले आणि कुणाचे आले. पप्पांच्या अंगाला गोडसर, जरा आंबूस वास यायचा. त्यांच्याबद्दल माझी सगळ्यात जुनी आठवण तो वास आणि बंद दरवाजा हीच आहे.

आईचे हात पिठात तसेच होते. तिने मान वर न करता विचारलं, "ह्याची बायको दिसंना कुठं?"

मी फिल्म थांबवली. तिचं खरं होतं. फिल्म जवळपास दीड तासाची आहे. तीत तांदूळवाला आहे, ट्यूनावाला आहे, कोळंबीवाला आहे, खाद्यसमीक्षक यामामोतो आहेत, दोन मुलं आहेत. जिरो आपल्या जुन्या शाळेतल्या मित्रांना भेटतात, आईवडिलांच्या कबरीवर जातात. पण ज्या बाईने त्या अनोळखी माणसाचं घर चालवलं आणि दोन मुलं वाढवली, ती जवळजवळ कुठेच नाही.

"असंल की घरी," आई म्हणाली. "तिनं कवा जेवायला वाढलं, ते बी दाखवाय पाहिजे होतं." आणि भाकरी थापायला लागली.

मी त्या दिवशी आईच्या हातांकडे बघत बसले. पीठ जुनं असलं तर ती गरम पाणी थोडं जास्त घेते. उंडा मळताना कडा फाटली की तिला कळतं, अजून दोन हात मारायला हवेत. थापताना भाकरी स्वतःभोवती फिरते. पाणी कधी फिरवायचं, कधी उलटायची, तव्यावरून विस्तवावर कधी टाकायची, हे ती कधी बघून करत नाही. दिवसाला वीस भाकऱ्या धरल्या तरी तीस वर्षांत दोन लाखांच्या वर होतात. तिलाही प्रत्येक भाकरी उत्तर देते, फुगली किंवा नाही फुगली. फक्त ते उत्तर ऐकायला शेजारी कुणी उभं नव्हतं. आम्ही खात होतो, चाखत नव्हतो.

आणि आमच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, हंगामात, ऊसतोड कामगारांच्या खोप्या असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली बाई पहाटे अंधारात तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकऱ्या करून, मग नवऱ्याबरोबर फडात उतरते. वारा कुठल्या बाजूने आहे हे पाहून पाचटाचा जाळ सांभाळत भाकरी न करपू देणं हेही कसबच आहे. तिच्याकडे कॅमेरा आला तर तो हालअपेष्टा टिपायला येतो. त्या टिपायलाच हव्यात. पण तिच्या हातात काही कला आहे हे तपासायला तो येत नाही.

फिल्मचा जो भाग माझ्या भावाच्या मनात रुतून बसला तो वेगळा आहे. जिरोंना दोन मुलं. धाकटा ताकाशी, त्याने रोप्पोंगीत शाखा काढली. जिरो डावखुरे आणि तो उजव्या हाताचा, म्हणून तिथली मांडणी आरशातल्यासारखी उलटी. थोरला योशिकाझू, फिल्मच्या वेळी पन्नाशीचा. जिरोंना सत्तराव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला तेव्हापासून माशांच्या बाजारात सायकलवर तो जातो. लहानपणी त्याला लढाऊ विमानाचा पायलट किंवा रेसिंग ड्रायव्हर व्हायचं होतं. दोघा मुलांना कॉलेजला जायचं होतं, जिरोंनी त्यांना आपल्या हाताखाली आणलं. पहिली दोन वर्षं योशिकाझूला हे काम नकोसं होतं, पळून जावंसं वाटायचं. मग तो थांबला. आणि फिल्मच्या शेवटाकडे कळतं की मिशेलिन गाइडचे लोक या हॉटेलला तीन तारे द्यायचे की नाही हे बघायला आले, तेव्हा त्यांच्यासमोर सुशी ठेवली होती ती जिरोंनी नाही, योशिकाझूने. तरीही यामामोतो सांगतात की वडिलांच्या बरोबरीचं समजलं जायचं असेल तर त्याला दुप्पट चांगलं काम करावं लागेल.

आमच्या घरात याच्या बरोबर उलटं झालं. आम्ही अभ्यास करत नसलो की आई म्हणायची, "शिका, नाहीतर पॅनवर जावं लागंल." कॉलनीतल्या प्रत्येक घरात हेच वाक्य होतं, फक्त पॅनच्या जागी बॉयलर, मिल, गव्हाण. ज्यांचे हात त्या कामात तयार झाले होते, तेच लोक आपल्या पोरांना त्या कामाची भीती घालत होते. यात मला खोटेपणा दिसत नाही. रात्रपाळी म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं.

पण आता जरा आपल्याकडे बघूया. जपानमधल्या परक्या पोराने दहा वर्षं टॉवेल पिळले की आपण त्याला साधना म्हणतो. आपल्या घरातल्या पोराने दोन वर्षं हेल्परी केली की म्हणतो, वाया गेला. कसबाचा आदर आपल्याला दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर करायला आवडतो. आणि याचं कारण फक्त मनात नाही, हिशेबातही आहे. जिरोंच्या मुटक्यावर जिरोंचं नाव आहे. जपानच्या सरकारने त्यांना उत्तम कारागीर म्हणून गौरवलं. २०१४ साली बराक ओबामा तिथे जेवायला गेले होते. पप्पांनी वाढवलेला दाणा ५० किलोच्या पोत्यात जातो, त्यावर 'एस-३०' किंवा 'एम-३०' लिहिलेलं असतं. एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम. कोणत्या पाळीत कुणी उकळला, हे पोत्यावर नसतं. असावं असंही मी म्हणत नाही. पण ज्या कामाला नाव नाही, त्या कामाला निदान रात्री जागल्याचा पुरता मोबदला आणि 'तुझे वडील काय करतात' या प्रश्नाला ताठ मानेने देता येईल असं उत्तर तरी असावं लागतं. नाहीतर कसब पुढे का गेलं नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

अजून एक गोष्ट आहे, जी फिल्मही लपवत नाही. कसब कितीही असलं तरी माल लागतो. फिल्ममध्ये मासे कमी होत चालल्याची चिंता आहे, बेसुमार मासेमारीची, मासा वाढायच्या आत पकडण्याची. आमचा माल ऊस आणि उसाचं अन्न पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते वर्ष मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. पाणी नसलं की ऊस नाही, ऊस नसला की हंगाम आखडतो, आणि पॅनमनचा हात रिकामा राहतो. या प्रदेशाने इतका ऊस लावावा का, हा वाद खरा आहे. त्या वादात पप्पांची बाजू घ्यावी असं मला वाटत असूनही पूर्ण घेता येत नाही. शिवाय नव्या पॅनवर आता प्रोब असतात. रस किती घट्ट आहे ते पडद्यावर आकड्यात दिसतं, व्हॉल्व्ह आपोआप उघडतात. पप्पांना त्याचा राग नाही. "आकडा बरोबर सांगतो," ते म्हणतात. "पण आकडा चुकला हे कोण सांगणार? त्याला हात लागतोच."

पुढच्या हंगामाअखेर पप्पा निवृत्त होत आहेत. भावाने केमिकलचा डिप्लोमा केलाय. वाळूजच्या एका कंपनीत त्याला कंत्राटी काम मिळतंय, आणि दुसरीकडे त्याच्या डोक्यात आलंय की एखाद्या कारखान्यात पॅन सेक्शनला शिकाऊ म्हणून लागायचं, जमलंच तर कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर उकळण्याचा कोर्स करायचा. ही फिल्म त्याने उगाच पाठवली नव्हती. आईला कळलं तेव्हा दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. पगाराचा आकडा, पाळ्या, लग्नाच्या बाजारात 'पॅनमन' या शब्दाची किंमत, हे सगळं तिने एका दमात मांडलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी भावाच्या बाजूने बोलले, पण मला आतून भीतीच वाटत होती. फिल्म बघून आयुष्य ठरवू नये, हे मलाही कळतं.

पप्पा सगळं ऐकून घेत होते. त्यांनी त्याला जिरोंसारखं ओढलं नाही आणि कॉलनीतल्या बाकी बापांसारखं हाकललंही नाही. रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, "दोन हंगाम कर. दाणा कळाया लागला तर ऱ्हा. नाही कळला तर खुशाल वाळूजला जा. पण नाही जमलं म्हणून सोड. लाज वाटली म्हणून सोडू नको."

भाऊ मान डोलावून उठणार, तेवढ्यात आईने खरकटी ताटं त्याच्या हातात दिली.

"आन् माझी बी एक अट हाय," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी घरी आलास तर दार लावून झोपायचं न्हाई. चुलीपाशी बसायचं, आन् भाकरी कशी झाली ते सांगायचं."